उत्तरमुखी घराचा फोटो

आभाळाकडे आमच्या साडूंइतकं रागानं पाहणारा माणूस अख्ख्या दिग्रसात दुसरा नव्हता. शेतकरी आभाळाकडे हात जोडून पाहतात. हे कमरेवर हात ठेवून पाहायचे. बाजारात त्यांचं फोटोचं दुकान होतं, पण बारशाचे आणि लग्नाचे फोटो त्यांना हलके वाटत. जीव सगळा घरांच्या फोटोंत. कुणा व्यापाऱ्याला बंगला किंवा जिनिंगची शेड विकायची झाली की आधी बाहेरून फोटो काढून अकोल्या-नागपूरच्या गिऱ्हाइकाला पाठवत, आणि तो साडूंनीच काढायचा अशी रीत पडली होती. ‘काढायचा’ हा शब्द मात्र सैलपणानं घ्यावा. बहुतेक वेळा ते तिपाई मांडत, काळ्या कापडात डोकं घालत, बाहेर येऊन वर पाहत आणि चहा पिऊन परत जात.

उन्हाळ्यात आभाळ धुळीनं पांढरं होतं. त्याला ते ‘टकलं आभाळ’ म्हणत. त्याच्याखाली राजवाडाही गोदामासारखा दिसतो, हा त्यांचा सिद्धांत. पावसाळ्यात भिंती ओल्या. “ओली भिंत म्हनजे रडून आलेली बाई. तिचा कोनी फोटो काढते काय?” दसऱ्यानंतर ऊन तिरपं आणि गोड होई, पण नेमक्या तेव्हाच बाजारात जाणाऱ्या कापसाच्या बैलबंड्या सुरू होत, आणि मग धूळ बसावी म्हणून घरमालक धोतर खोचून सरकारी रस्त्यावर सडा टाकताना दिसे. एका शेठजींचा बंगला ढगांची वाट पाहत इतका रेंगाळला की गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं आणि बंगला विकायचा राहिला. शेठजी चिडले, शेठाणीबाईंना मात्र बंगला सोडायचाच नव्हता. त्यांनी साडूंच्या घरी अनारशांचा डबा पाठवला. माणसाचं काम फसावं आणि वर अनारसे यावेत, हे भाग्य मला कधी लाभलं नाही. मी शाळेत मन लावून शिकवलं. माझ्याकडे पालकांच्या तक्रारी आल्या.

आमचे सासरे आबा ढाणकीला राहत. आम्ही दोघेच त्यांचे जावई. साडू आले की आबांच्या खोलीतून हसण्याचा आवाज येई, मी गेलो की आबा विचारत, “वाचन काय म्हन्ते?” आणि डोळे मिटत. माझी बायकोही भाऊजी आले की चहात आलं घालायची. मला आलं सोसत नाही असं तिनं आपल्या मनानंच ठरवून टाकलं होतं.

त्याच सुमारास मी घर बांधलं. दोन खोल्यांचं, पण स्वतःचं. साडू दुकानामागे भाड्यानं राहत, हे मी मनात नीट जपून ठेवलं होतं. आबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. धाकटीचं घर डोळ्यांनी पाहायचं, एवढीच त्यांची इच्छा, आणि ती फोटोखेरीज पुरी होण्यासारखी नव्हती. दुसऱ्या फोटोवाल्याला बोलावणं म्हणजे नात्यात मिठाचा खडा.

साडू आले, घराभोवती फिरले आणि म्हणाले, “मास्तर, उत्तरेकडं तोंड काहून केलं? याच्या तोंडावर ऊन पडन ते फक्त भर उन्हाळ्यात, सकाळी नाहीतर सांजच्याला. अन् तवा आभाळ टकलं.” म्हणजे माझ्या घरासाठी योग्य हवामान देवानं केलेलंच नव्हतं. ते येत राहिले, आल्याचा चहा पीत राहिले. बायको दर वेळी विचारी, “भाऊजी, आबांना दाखवायचं राहून तर नाही ना जाणार?” मला खात्री होती की हा माणूस माझ्या घरावर जळतो.

श्रावणात ढाणकीहून निरोप आला की आबांनी अन्न सोडलंय. भुरभुर पाऊस, भिंती खालपासून काळ्या पडलेल्या. आणि साडू न बोलावता चिखलातून तिपाई घेऊन आले. मी म्हणालो, आज नको, घर रडकं दिसेल. ते म्हणाले, “आबा भिंत नाही पाह्यणार, मास्तर. छत्री धरा.” बायकोला त्यांनी दारात उभं केलं. मी कॅमेऱ्यावर छत्री धरली, स्वतः भिजलो. ती एकदम हसली आणि फोटो निघाला.

तो घेऊन तेच एस.टी.नं ढाणकीला गेले. आबांनी फोटो बराच वेळ छातीवर ठेवला आणि म्हणाले, “फोटो काढावा तो थोरल्या जावयानं.” घर कुणाचं, हे त्या खोलीत कुणाला आठवलं नाही. पोळ्याच्या अमावास्येआधी आबा गेले.

यंदा बायकोही गेली. तिचा हसतानाचा तेवढाच फोटो आहे. तिला मी इतक्या वर्षांत असं हसवल्याचं मला आठवत नाही, म्हणून परवा दुकानात जाऊन साडूंना विचारलं, तुम्ही त्या वेळी तिला काय म्हणालात?

त्यांनी कॅमेऱ्याची काच धोतराच्या सोग्यानं पुसली. मग म्हणाले, “म्या काय म्हननार? माहं डोकं कापडात होतं. तुमाले पाहून हसली ते. छत्री कॅमेऱ्यावर, अन् तुमच्या नाकावरून धार.”

हे खरं, की माझ्यासाठी केलेली दया, ते मला कळत नाही. दया असेल, तर तिथंही ते माझ्यापुढेच गेले. पण घरी येऊन मी फोटो खिडकीपाशी नेला. ती समोर पाहत नाही. तिची नजर किंचित बाजूला आहे, छत्री धरणारा माणूस उभा असतो तिथं.