फादरनी विचारलेला शब्द

आशागडला ते एसटीत चढायचे. पांढरी कॉलर, पायात रबरी चप्पल आणि खिशात दोऱ्यानं बांधलेली कोरी कार्डं. अँग्लिकन पंथाचे निवृत्त पाद्री. ग्रीक, हिब्रू शिकलेला हा माणूस आता आमच्या पाड्यांवरच्या बोलीतले शब्द गोळा करत होता. शेजारी बसेल त्याला विचारायचे, गुडघ्यावर कार्ड ठेवून लिहायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. चुकले की बायका खो खो हसायच्या, मग तेही हसत खोडून पुन्हा लिहायचे.

"चाळीस वर्षं लोकांना ऐकवत आलो," एकदा मला म्हणाले, "ऐकायला आत्ता कुठे शिकतोय."

एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "भाताची लावणी संपल्यावर मूठभर रोपं उरतात, त्यांना तुमच्या घरी काय म्हणतात?"

आईच्या तोंडी दर पावसाळ्यात असायचा तो शब्द. पण मागच्याच सीटवर तलासरीच्या ऑफिसातले आमचे साहेब होते.

"आम्ही घरी मराठीच बोलतो, फादर."

त्यांनी मान हलवली आणि कार्ड तसंच खिशात ठेवलं.

ते वारल्यावर त्यांचा शब्दकोश छापून आला. बोर्डीच्या वाचनालयात मी शेतीचं पान काढलं. ‘लावणीनंतर उरलेली मूठभर रोपं’ असा अर्थ छापला होता, शब्दाची जागा कोरी होती. मी पेन काढलं. शब्द ओठांवर आला, पण आई त्यात ‘ज’ म्हणायची की ‘झ’, ते काही ठरेना. विचारायला आई उरली नव्हती. आणि लिहून मोठ्यानं वाचून दाखवणाराही.