जावेच्या कुंडीतलं रोप

माझ्या थोरल्या जावेने माझी सतरा रोपं मासे धुतलेलं पाणी घालून मारली. आमच्याकडे ते पाणी वाया जात नाही. कट्टा गावच्या बाजारातून बांगडे आले की धुतलेलं पाणी मिरचीला, नाहीतर माडाच्या मुळात. पण माझी रोपं वाळवंटातल्या निवडुंगाची होती, बियांपासून वाढवून तीन वर्षांत जेमतेम वाटाण्याएवढी झालेली. चार दिवसांत अठरांतली सतरा कुजली, एकच उरलं.

"रोपां सुकत हुती गो, म्हणान घातलंय पाणी," ती म्हणाली. घालू नका म्हणून मी दहादा बजावलं होतं. आणि तिचं स्वतःचं लाडकं अडेनियम? तेही वाळवंटातलंच झुडूप. पडवीतल्या मोठ्या कुंडीत त्याला ती पाणी मोजून घालते, पावसाची झडही लागू देत नाही. म्हणजे तिला सगळं कळतं.

या निवडुंगाचं पोर उघड्यावर तगत नाही. ते एखाद्या झुडपाच्या सावलीत वाढतं आणि मोठं झालं की त्याच झुडपाचं पाणी ओढून त्याला वाळवतं. हे पुस्तकात वाचलं त्याच दिवशी मी ते उरलेलं रोप तिच्या अडेनियमच्या बुंध्याशी लावलं.

परवा तिला ते दिसलं. उपकार केल्यासारखी म्हणाली, "ऱ्हवांदे हंयच. माझ्या झाडाच्या सावलेक जगांदे बिचाऱ्याक."

तेव्हापासून त्याला पाणी तीच घालते. अर्धी वाटी, मी सांगितलं तेवढंच.