आईचे खडे आणि पप्पांचा हर्निया

माझ्या कंपनीतून मी आई-पप्पांसाठी फॅमिली हेल्थ पॉलिसी काय घेतली, चिंचवडच्या आमच्या घरात किस्सेच किस्से झाले! समजावणारी मी एकटी. ऐकणारे सगळे मोठे, म्हणजे त्यांना आधीच सगळं कळलेलं.

पहिला घोळ शब्दाचा. माझे मोठे काका, तात्या, महाळुंग्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. म्हणाले, "डिडक्शन व्हय? ते पगारातनं कापत्यात!"

"डिडक्शन नाही तात्या, डिडक्टिबल! वर्षभरातल्या बिलांचे पहिले पन्नास हजार आपण भरायचे. त्यापुढचं इन्शुरन्सवाले."

"म्हंजे कापलंच की!"

*

पप्पांचं गणित वेगळंच. "पॉलिसीत आपण तिघं. म्हणजे तिघांचे तीन वेळा पन्नास?"

"नाही पप्पा! सगळ्या घराचं मिळून वर्षाला एकदाच."

पप्पा गंभीर झाले. "मग आजारी पडायचं कुणी, ते ठरवायला पाहिजे."

*

ठरवावं लागलं नाही. पप्पांचंच हर्नियाचं ऑपरेशन निघालं. पिंपरीतल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर तात्या भांडायला उभे! "पयले पन्नास इन्शुरन्सकडनं घ्या. वरचे आमी बघतो!"

मी त्यांना हाताला धरून चहाला नेलं आणि आपले पन्नास हजार भरून टाकले.

*

महिन्याभरात आईच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे! डॉक्टर म्हणाले, लवकर काढा.

तात्या म्हणाले, "दिवाळी होऊ द्या. घरात आत्ताच एक ऑपरेशन झालंय."

आईनं लगेच मान हलवली. "मला काही एवढं दुखत नाही."

माझं डोकंच फिरलं! "पॉलिसीचं वर्ष दिवाळीआधी संपतंय! यंदाचे पन्नास पप्पांच्या बिलात भरून झाले. दिवाळीनंतर परत पहिल्यापासून भरायचे. आणि तोवर हिनं कळा सोसायच्या? तारीख मी घेतलीये. बॅग भर, आई."

 तात्या आईकडे बघून म्हणाले, "म्हंजे ह्याच्या हर्नियात सुनंदाचे खडे बसत्यात?"

"बसतात!"

"मग आधी का न्हाई सांगितलं?"

*

ऑपरेशन मस्त झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले. "काय मावशी, आता काही त्रास?"

आई उशीला टेकून नीट बसली. "डॉक्टर, आमचं वर्ष संपायला अजून थोडे दिवस आहेत. तेवढ्यात गुडघ्याचं बघता येईल का?"

पप्पा खुर्चीतून उठलेच. "गुडघा? कुठला गुडघा?"

"डावा," आई म्हणाली.