मामांचा संगणक आणि चार राखणदार

माझ्या मामांच्या मते या जगात जे जे हलते ते ते शर्यतीत उतरलेले असते, आणि ज्याला धावायचे नसेल त्याने वाटेत उभे राहू नये. आमच्या पंचक्रोशीतल्या यात्रांमध्ये, बैलगाड्यांच्या घाटावर, म्हणजे शर्यतीच्या चढत्या धावपट्टीवर, ध्वनिक्षेपक हातात धरून पुकारा करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. गाडा सुटल्यापासून रेषा ओलांडेपर्यंतचे ते मोजके सेकंद त्यांच्या जिभेत इतके मुरले आहेत, की ती घरी आल्यावरही विसावत नाही. दूध उतू जाऊ लागले, की मामा ते उतरवत नाहीत. दूध कितव्या बोटावर आले ते ओसरीवरून जाहीर करतात. एसटीला एखाद्या ट्रॅक्टरने मागे टाकले, तर खिडकीतून हात काढून ट्रॅक्टरवाल्याला शाबासकी देतात आणि आपल्या चालकाकडे तुच्छतेने पाहतात. माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडत असताना ते माझ्या खांद्यामागे उभे होते. "पोरगी घाटात उतरली, मंडळी, आता नजर हटवायची न्हाई," एवढे मी ऐकले. त्यानंतर माझे गुण आधी शेजाऱ्यांना कळले, मग मला.

अशा गृहस्थाच्या घरी तालुक्यातला सर्वांत संथ संगणक असावा, हा निसर्गाचा विनोद होता. मामेभावाने कॉलेजात असताना घेतलेला तो संगणक, भाऊ चाकणला नोकरीला लागल्यावर मामांच्या गावी, पिंपरी पेंढारलाच राहिला. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत मामांनी गावोगावच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडून जुन्या शर्यतींच्या चित्रफिती मिळवून त्यात भरल्या. संध्याकाळी शेजारपाजारची मंडळी ओसरीवर जमायची, पडद्यावर गाडा सुटायचा आणि मामा मूळ आवाज बंद करून स्वतःचा पुकारा करायचे. त्या चित्रफितींत एक हिराची होती. हिरा हा मामांचा स्वतःचा बैल. बंदी उठायच्या आत तो गेला. त्याची धाव एवढ्या एकाच ठिकाणी उरली होती. "मोबाइलवर घेऊन ठेवा की," असे मी एकदा सुचवले होते. त्यावर मामा म्हणाले, "हिरा काय तळहातावर मावंल असा बैल व्हता का?"

या वर्षी मामांना हिराचे खूर संथ गतीने पाहण्याची इच्छा झाली. तसे दाखवणारी एक फुकट प्रणाली त्यांनी कुठूनशी उतरवून घेतली आणि तिच्याबरोबर एक हेरगिरी करणारा प्रोग्रॅमही घरात आला. संगणक आपोआप विवाहमंडळांच्या जाहिराती उघडू लागला. मामी शांतपणे म्हणाल्या, "या वयात ह्यांना रोज नवं स्थळ येतंय. एक बरंसं बगून टाका." आळेफाट्याच्या दुकानदाराने सगळे पुसून नव्याने भरण्याचा सल्ला दिला, तेव्हा मामा संगणक पोत्यात गुंडाळून तसेच माघारी आले. भावाने फोनवर तो भंगारात द्यायला सांगितले. मग मामांनी मला फोन केला.

"तुझं शिक्षण नक्की कशातलं गं?"

"जैवरसायनशास्त्र, मामा."

"म्हंजी मशीनचंच की. रविवारी ये."

त्या रविवारी मी तो हेर शोधून मुळासकट काढला. स्थळे येणे थांबले. चित्रफितींची प्रत मात्र मी लगेच घेतली नाही. संसर्गाचा अंश उरला असेल तर तो माझ्या पेन ड्राइव्हवर येऊ नये, म्हणून आठवडाभर निरीक्षण करावे, असा माझा शास्त्रशुद्ध विचार होता. निघताना मी म्हणाले, "मामा, आता कीड गेली आहे, पण काळजी घ्या." हे वाक्य मी टोमॅटो पिकवणाऱ्या माणसाला उद्देशून बोलत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

पुढच्या रविवारी मी गेले, तेव्हा संगणक पूर्वीपेक्षाही संथ झाला होता. बटण दाबून मामींचा चहा पिऊन झाला तरी पडद्यावर नुसते गोल चक्र फिरत होते. हिराची चित्रफीत तर उघडेचना. मी प्रत घ्यायला सुरुवात केली, तर उरलेला वेळ कमी होण्याऐवजी वाढत गेला. मामा मागे खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी हलक्या आवाजात सुरुवात केली, "हिरवी पट्टी निघाली... पट्टी निम्म्यात आली... पट्टी दमली... आन् पट्टी बसली, मंडळी."

"आवो, पोरीला काम करू द्या," आतून मामी म्हणाल्या. "बसलेल्या बैलाला तुमी वरडून कदी उठवलाय का?"

मी संभाव्य कारणे क्रमाने तपासली. स्मृती पुरेशी होती. आत जागा होती. पंख्यावर धूळ होती, ती झटकली, फरक शून्य. काहीही चालू नसताना हार्ड डिस्क मात्र पूर्ण क्षमतेने राबत होती, आणि त्यातून एक शक्यता पुढे येत होती जी मला मुळीच आवडली नाही: डिस्कच अखेरच्या घटका मोजत असावी. तसे असेल तर प्रत्येक प्रयत्न तिला आणखी झिजवणार होता. ती काढून माझ्या लॅपटॉपला जोडायची केबल मी आणली नव्हती. मी तपासणी लावली आणि हात मांडीवर ठेवून बसले.

मामांचा पुकारा थांबला होता. "त्यात हिरा हाय न्हवं अजून?" त्यांनी विचारले.

"आहे, मामा. निघतोय का ते बघायचंय."

ते उठून गोठ्यात जाऊन आले. गोठ्यात आता एक म्हैस आहे. तिला त्या वेळी काही नको होते.

दुपार कलता कलता तपासणी संपली. डिस्क ठणठणीत होती. त्यामुळे प्रश्न मात्र अधिकच विचित्र झाला. मी संगणकातल्या प्रोग्रॅमची यादी उघडली. माझ्या मागच्या फेरीनंतरच्या आठवड्यात तिथे चार निरनिराळे विषाणुरोधक येऊन बसले होते.

"मामा, हे चार कुणी टाकले?"

"मीच." त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "एकच औषद सारखं मारलं तर किडीला सवय व्हती. आलटून पालटून मारावं लागतं. तूच म्हनली, काळजी घ्या."

शिवाय चौघांनाही त्यांनी पहाटेची एकच वेळ लावून दिली होती, कारण फवारणी ऊन चढायच्या आत उरकायची असते. शेतीच्या दृष्टीने त्यात एकही चूक नव्हती. संगणकाच्या दृष्टीने मात्र पहाटे सुटलेले चार राखणदार रात्रीपर्यंत एकमेकांच्याच खिशात हात घालून चोर शोधत होते. एखादी चित्रफीत उघडायची, तर तिला चार वेळा झडती द्यावी लागत होती.

हे कसे सांगावे, याचा मी क्षणभर विचार केला. "मामा, आलटून पालटून नाही झालं. तुम्ही चारी औषधं एकाच टाकीत ओतली."

मामांचा चेहरा पडला. एकाच टाकीत काय काय घालू नये, याबद्दल त्यांनी अर्ध्या गावाला ऐकवले आहे. "मंग औषद फाटनारच," ते म्हणाले. "काढ. पर एक तरी ठेव."

मी एक ठेवला आणि तिघांना निरोप दिला. जाताना प्रत्येकाने धोक्याचा लाल इशारा दाखवला आणि प्रत्येक वेळी मामांनी माझ्याकडे पाहिले. शेवटचा गेल्यावर मी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. मामींनी चहाचे आधण ठेवले होते. ते उकळायच्या आत पडदा उजळला. प्रती भराभर उतरू लागल्या आणि मामांना पुकारा करायलाही वेळ मिळाला नाही. "आरं, दम तर खा की," ते पडद्याला म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला सावकाश जायला सांगितले असावे.

मग हिराची चित्रफीत लागली. मामांनी आवाज बंद केला, घसा खाकरला आणि हिराला घाटमाथ्यावर असा पोहोचवला, की शेजारचे दोघे चपला न घालताच ओसरीवर आले. चित्रफीत पुन्हा पुन्हा लागली.

निघताना मामांनी पेन ड्राइव्ह माझ्याच हातात ठेवला. "हितं एक हाय. दुसरा तुज्याकडं ऱ्हाऊ दे. तू पुढं शिकायला लांब जानार, तवा घिऊन जा."

"मामा, तिकडे बैल बघायला वेळ कुणाला असणार?"

"लई येळ न्हाई लागत," मामा म्हणाले. "दहा-बारा सेकंदाचं काम."

ती चित्रफीत आता माझ्या लॅपटॉपवर आहे. प्रयोग रखडला, की कधी कधी मी ती लावते. मामा ती पाहतात तेव्हा हिराला पाहतात, आणि ओसरीवर मीही तेच पाहत होते. इथे प्रयोगशाळेत एकटीने पाहताना माझे लक्ष पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे गेले. हिराला जुंपून सोडून देणारा, काळ्याभोर मिश्यांचा एक तरुण तिथे आहे. मामांच्या त्या मिश्या आता पांढऱ्या झाल्या आहेत. गाडा सुटतो तसा तोही चार पावले मागे धावतो, मग थांबतो. बैल पुढे निघून जातात, धूळ उडते, आणि तो तिथेच उभा राहून अजून हात वर धरून आहे.