स्कॉटलंडचा पाहुणा आणि माझं ‘येस, येस’

सांगतो, पण चहाचा घोट आधी गिळा. नाहीतर माझ्याच शर्टावर यायचा!

मी इंग्रजीचा मास्तर. चौलच्या पोरांना ते शिकवण्यात अख्खी हयात गेली. दिवेआगरला आमच्या वहिनीचा वाडीत होमस्टे आहे. तिथे पहिल्यांदाच परदेशी पाहुणा येणार होता, थेट स्कॉटलंडचा! तो खूश होऊन गेला तर आणखी चार येतील, म्हणून वहिनीनं मला खास बोलावलं.

"भावोजी, तुमी असल्यावर मला काय चिंता न्हाय."

इस्त्रीचा शर्ट घालून मी दारात उभा. पाहुणा आला, हसला आणि बोलायला लागला. अहो, ते इंग्रजी? तोंडात पानाचा तोबरा भरलाय की काय, असं वाटलं. एक अक्षर कळेना! पण मास्तर ना मी? मान डोलावली. "येस, येस!"

"काय बोलला ओ?" वहिनी.

"वाडी आवडली म्हणतोय."

दिलं ठोकून! तो आणखी काही बोलला. मी पुन्हा येस. लगेच त्यानं बॅगेतून कापडी झोळी काढली, दोन माडांना बांधली आणि आडवा झाला.

"भावोजी! नारळ पडंल त्याच्या डोक्यात!"

मी धावलो. व्याकरणशुद्ध इंग्रजीत नारळाचा धोका समजावला. तो म्हणाला, "लव्हली!" आणि डोळे मिटले. शेवटी वहिनीनंच हात धरून उठवला.

मग जेवण. आमच्याकडे ते आधी सांगावं लागतं, मासळी ताजी आणायची असते ना! मी विचारलं. तो पोटावर हात ठेवून बराच वेळ बोलला.

"मासे म्हणतोय. भरपूर!" मी छाती ठोकून सांगितलं.

दुपारी पानात तळलेली सुरमई, कोलंबीचं कालवण. पाहुण्याचा चेहरा उतरला. वहिनीचा त्याहून. मी आपला "ईट, ईट!" करतोय.

त्यानं फोन काढला, त्यात काही बोलला, आणि फोनमधली बाई चक्क मराठीत सुरू झाली. "मला मासे चालत नाहीत, हे मी सांगितले होते. हे गृहस्थ फार प्रेमळ आहेत, पण त्यांची भाषा मला समजत नाही. इथे कोणाला इंग्रजी येते का?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मग फोनजवळ तोंड नेलं. "न्हाय ओ. हे आमचे इंग्रजीचे मास्तर हायत."

फोननं ते इंग्रजीत सांगितलं. पाहुणा असा हसला, की पुढ्यातली सोलकढी सांडली! मग वरणभात दोनदा मागून घेतला, आणि जाताना मित्रांनाही पाठवतो म्हणाला. अर्थात, फोनमधल्या बाईच्या तोंडून.

ते मित्र आता येतायत. कालच वहिनीचा फोन आला. "भावोजी, तुमी आदल्या दिवशी नक्की या हां!"

मी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढलासुद्धा.

"आणि जुने कपडे घाला. माडांवरचे नारळ उतरवून घ्यायचेत."