रक्तपेढीला मिळालेली शिळी तारीख

तीन सुनांतली ती दुसरी, म्हणून घरात सगळे तिला मधली म्हणत. पदरात पडलेलं कामही मध्येच उभं राहण्याचं. आरोग्य खात्याच्या कॉम्प्युटर केंद्रात एक मेनफ्रेम होतं, दोन कपाटांएवढं यंत्र, शहरातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांचा भार एकट्याने ओढणारं. त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामला स्वतःहून फारसं काही करता येत नाही. फाईल उघडायची असो की आजची तारीख हवी असो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारावी लागते. मधली ती हाक वाटेत अडवायची. कुठली हाक कुठे जाते हे सांगणारा एक तक्ता सिस्टिमच्या आत असतो. त्यातली एक नोंद बदलून ती तिथे आपला छोटा प्रोग्राम बसवायची. मग हाक आधी त्याच्याकडे यायची. तो ती पुढे सोडायचा, नाहीतर स्वतःच उत्तर देऊन मोकळा व्हायचा, आणि विचारणाऱ्याला काही सुगावा लागायचा नाही.

तू दिवसभर करतेस तरी काय, असं सासूबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा तिने हे सगळं नीट समजावून सांगितलं. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "म्हणजे दोघं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं. त्याचा पगार देतात होय?"

नोंद बदलण्याआधी मधली मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची. तिथे हात चुकला तर यंत्र कोसळतं आणि सगळे दवाखाने एका दमात आंधळे होतात. देवाला तुझं कोडिंग कळतं का, म्हणून मुलगा चिडवायचा. ती म्हणायची, त्याला नाही कळलं तरी चालेल, माझा हात चुकू नये एवढं त्याने बघावं.

त्या आठवड्यात तिच्यामागे एक जुनं दुखणं लागलं होतं. मागच्या महिन्यात एके दिवशी लसींच्या साठ्याचे आकडे चुकले होते आणि का चुकले ते कुणालाच सापडत नव्हतं. तोच दिवस पुन्हा उभा करून पाहायचा म्हणून तिने तारखेची हाक अडवली. बाकी सगळ्यांना खरी तारीख, फक्त तिच्या नावावर सुटलेल्या, म्हणजे तिच्या नावाने यंत्रावर चालवायला दिलेल्या कामाला मागच्या महिन्यातली. माझ्या नावावर माझ्याशिवाय कोण काम सोडणार, असा तिचा हिशेब.

आणि तिनेच सोडलं. यंत्राची राखण करणारा ऑपरेटर, ज्याला सगळे दादा म्हणत, अडचण घेऊन आला. रक्तपेढीचं रोजचं काम त्याच्या नावावरून सुटेना, परवानगीची मुदत संपलेली. मुदत संपलेल्या रक्ताच्या पिशव्या शोधून त्यांना बाद ठरवायचं ते काम. ताई, तुमच्या नावावरून सोडता का, म्हणाला. तिने मान वर न करता दोन बटणं दाबली आणि विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा चहा घेऊन आला तो हसतच.

"ताई, तुमच्या हाताला गुण आहे. काल रक्तपेढीत एकही पिशवी बाद नाही. रोज चार-पाच तरी निघतात."

मधलीच्या हातातला कप तसाच राहिला. कालच्या पिशव्यांना मागच्या महिन्याची तारीख लावून पाहिलं, तर शिळी कुठली निघणार? काय झालं ते तिने दादाला सांगितलं, तसा त्याने दरवाज्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"माझी परवानगी आज वाढवून मिळालीय, आता माझ्या नावावरून परत सोडू. आकडे जागेवर येतील. तुम्ही बोलू नका, मी पण बोलत नाही."

क्षणभर तिला ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच ती जास्त घाबरली. तिने तक्त्यात जुनी नोंद परत लिहिली. आपला प्रोग्राम मात्र यंत्रात तसाच पडू दिला, कारण एखादी हाक अजून त्याच्या पोटात असली आणि तो उचलला, तर सगळंच बसायचं. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. मग दादाने काम परत सोडलं. काही पिशव्या बाद निघाल्या. त्यांतली एक प्लेटलेट्सची होती, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, सकाळी दिली.

रक्तपेढी रस्त्यापलीकडच्या मोठ्या इस्पितळात होती. चप्पल घालायचं भान राहिलं एवढंच. रक्तपेढीतल्या बाईंचा आधी विश्वासच बसेना. पिशवीवर तारीख असते, पण मशीनने चालेल म्हटल्यावर घाईत कोण वाचतं, असं म्हणता म्हणता त्यांचाही चेहरा उतरला. त्यांनी वॉर्डात फोन लावला. पिशवी संपली होती. शाळेची बस चालवणाऱ्या एका माणसाला, तापात प्लेटलेट्स उतरल्या म्हणून, ती दुपारच्या आत चढवून झाली होती.

वॉर्डातले डॉक्टर तिच्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शिळ्या पिशवीत जंतू वाढलेले असू शकतात, ते म्हणाले. उतरलेला ताप पुन्हा चढला, थंडी वाजली, तर अवघड आहे. रात्रीपर्यंत कळेल. घरच्यांना मी सांगतो, असंही म्हणाले. मधली म्हणाली, मी सांगते. तोंडून निघून गेलं.

बाहेरच्या बाकावर त्या माणसाची आई बसली होती. मांडीवर मुलाचा शर्ट, त्याची घडी ती मोडत होती आणि पुन्हा घालत होती. मधली शेजारी बसली. वॉर्डाचं दार वाजलं की दोघी दचकायच्या.

"तुमचं कोण आहे आत?" आईने विचारलं.

"तुमचाच मुलगा," मधली म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं. यंत्र, हाक हे सगळं गाळून, तारीख माझ्यामुळे चुकली आणि शिळी पिशवी त्याला लागली, एवढंच.

म्हातारीने मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवला. मधलीला वाटलं, आता ही हात उगारेल.

"उठून जायचं नाही," ती म्हणाली. "तो घरी येईपर्यंत इथेच बसायचं."

मधली बसली. नर्स येऊन ताप बघून जायची, तेव्हा दोघी उभ्या राहायच्या आणि एकमेकींकडे न बघता खाली बसायच्या. मधली डोळे मिटून देवाचं नाव घेत होती, पण मध्येच कुणी खोकलं की नाव तुटायचं. रात्री डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, ताप नाही, जंतूंच्या तपासणीचा निकाल यायला अजून दोन दिवस. म्हातारी आत गेली. मधली बाकावरच बसून राहिली.

सकाळी तिने साहेबांना सगळं लेखी दिलं. चौकशी लागली, आणि तोवर तक्त्याला हात लावायला मनाई झाली. ती रोज जाऊन बाकावर बसत राहिली. तपासणीत काही निघालं नाही, तरीही बसली.

तो घरी जायला निघाला त्या दिवशी आईच्या खांद्याला धरून हळूहळू बाहेर आला. बाकावर बाई दिसली, तशी ही कोण म्हणून त्याने विचारलं.

"कॉम्प्युटरवाल्या बाई आहेत," म्हातारी म्हणाली. "तुझ्यासाठी बसल्या होत्या." आणि त्याच्या कपड्यांची पिशवी मधलीच्या हातात देऊन म्हणाली, "ही धरा. मला जिन्यावरून दोन्ही जमायचं नाही."