डिपॉझिट कुणाच्या हातात दिलं?

काही प्रकरणं फाईल बंद झाली तरी डोक्यातून जात नाहीत. जुन्नर भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी असताना आलेलं डिपॉझिटचं प्रकरण त्यातलंच. खून नाही, दरोडा नाही, साधा गुन्हाही दाखल झाला नाही. पण निवृत्तीनंतर ठाण्याची आठवण आली, की आधी तेच समोर येतं.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. फाटकात एक छोटा टेम्पो येऊन थांबला. मागे कॉट, शेगडी, भांड्यांची गोणी आणि कुंडीतली तुळस. उतरली ती पंचविशीतली नर्स, आहुपेकडच्या डोंगरातल्या शेतकऱ्याची मुलगी. दोन वर्षं ती आमच्या पेठेत दोन खोल्यांत भाड्याने राहिली होती आणि आता मंचरच्या दवाखान्यात लागली होती. जुन्या घरमालकाने वीस हजारांचं डिपॉझिट परत केलं नाही, असा तिचा तक्रार अर्ज होता.

"मंचरच्या मालकानं सांगितलंय साहेब, आज संध्याकाळपर्यंत डिपॉझिट द्या, न्हाईतर खोली दुसऱ्याला देतो. इथली खोली तर मी सोडली. एवढं सामान घेऊन जाऊ कुठं?"

कायद्याने बाब दिवाणी. कोर्टात जा, अशी समज देऊन मला मोकळं होता आलं असतं. पण टेम्पोतली ती तुळस पाहून मन होईना. मी घरमालकाला बोलावणं धाडलं.

आले ते पेठेतले गादीवाले चाचा. सत्तरी ओलांडलेले, कापूस पिंजण्यात जन्म गेलेला, दाढीतही कापसाचे तंतू.

"डिपॉझिट परत दिलं?" मी विचारलं.

"दिलं."

"पावती?"

"आमी कदी पावती केली न्हाई, साहेब."

"ही म्हणते, मिळालं नाही."

"तिला समदं ठावं हाय," चाचा म्हणाले आणि मान फिरवून बसले.

ती रडायलाच लागली. "चाचा, दोन वर्षं मला पोरगी म्हणलात, आणि आता खोटं बोलता?"

खोटं बोलणारा माणूस विचारल्यापेक्षा जास्त बोलतो, हा माझा नोकरीभरचा अनुभव. चाचा तर विचारल्यापेक्षा कमी बोलत होते. तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण अंगावर वर्दी असली की कान जरा कमी ऐकतात. मी आवाज चढवला, आत टाकायची भाषा केली. ती कायद्यात कुठेच बसत नव्हती. ते 'दिलं' एवढ्यावरच अडून राहिले. मी त्यांना बाहेरच्या लाकडी बाकड्यावर बसवून ठेवलं. चांगले तीन तास. येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यांना बघून जात होता.

दुपारी आमचे हवालदार भाडेकरू नोंदणीची फाईल घेऊन आले. पिंपरी पेंढारचा माणूस, शेतकऱ्याच्या घरातला. मुलीच्या फॉर्मवर ओळखीची व्यक्ती म्हणून तिच्या वडिलांचा अंगठा होता. हवालदार बाकड्यापाशी उकिडवे बसले.

"चाचा, डिपॉझिट आणून दिलं व्हतं कुणी?"

"हिच्या बापानं. बैलजोडी इकून आणलं व्हतं. फडक्यातनं नोटा काढून माज्या हातात ठेवल्या त्यानं."

"आन् परत कुणाला दिलं?"

"ज्याच्या हातनं घेतलं, त्याच्याच हातात. आमच्यात तीच रीत हाय. पोरगी खोली सोडणार म्हणली व्हती, आन् दोन हप्त्यांमागं तो बेल्ह्याच्या बैलबाजाराला निघाला व्हता, तवाच दिलं."

ऐकून पोरगी बाकड्यापाशी धावत आली. वडिलांच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही. त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं, आणि चाचांना वाटत होतं, की पैसे मिळूनही पोरगी उलटली. सकाळपासून मी "दिलं का" एवढंच विचारत होतो. "कुणाला" हा साधा शब्द माझ्या तोंडातून निघाला नव्हता. लाज वाटली. खरंच लाज वाटली.

पण संध्याकाळ जवळ येत होती. मुलगी चाचांच्या पाया पडायला वाकली, तसे ते मागे सरकले. "ऱ्हाऊ दे, पोरी. त्या मंचरवाल्याचा नंबर लाव."

फोन लागला. "गादीवाला बोलतोय. तुमच्या पोरीच्या लग्नाच्या गाद्या मीच भरल्या व्हत्या, ध्यानात हाय ना? ही पोरगी माजी हाय. डिपॉझिट मागनं येईल. न्हाई आलं तर माज्याकडनं घ्या. खोली उघडून द्या."

टेम्पो मंचरला गेला.

आठवड्याने तिचे वडील तांदळाची पिशवी घेऊन ठाण्यात आले. बाजारात त्यांनी त्या पैशांची बैलजोडी घेतली होती. "डिपॉझिट परत आलं म्हंजी पोरीची गरज भागली, आसं वाटलं राव. नव्या घरालाबी परत लागतंय, ह्ये कुणाला ठावं?" बैल पुन्हा विकायला ते तयार होते. पोरीने विकू दिले नाहीत. पगारातून तिने हप्त्याहप्त्याने डिपॉझिट भरलं.

टेम्पो गेला त्या दिवशीच, चाचा बाकड्यावरून उठले तेव्हा, मी त्यांची माफी मागितली होती. जमली तशी, अडखळत. त्यांनी बाकड्यावर हात फिरवला. "साहेब, लई टणक हाय वो ह्ये."

चार दिवसांनी त्यांनी बाकड्याच्या मापाची गादी भरून पाठवली. मी पैसे विचारले, तर निरोप आला: "हितं बसणारा दर माणूस चोर नसतोय."

पुढे ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे कुणालाही बाकड्यावर बसवण्याआधी मी एक प्रश्न जास्तीचा विचारला. गादी मात्र मी बरोबर नेली नाही. ती त्या बाकड्याचीच होती.